ठेवायला दिलेली सायकल

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावात गाडी लावायला जागा मिळत नाही. परवा पुतणीच्या स्कूटरवर मागे बसून स्टँडवर गेले होते. तिला मंचरची एसटी पकडायची होती आणि स्कूटर दिवसभर कुठेतरी ठेवायची होती. तिनं स्टँडभोवती तीन चकरा मारल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकअप उभे, त्यांच्यात क्रेटचे मनोरे, मधल्या फटींमध्ये मोटारसायकली कोंबलेल्या. शेवटी एका औषधाच्या दुकानासमोर तिनं स्टँड लावला, तर आतून आवाज आला, "ओ ताई, हितं नाय लावायची गाडी." ती वैतागून माझ्याकडे वळली. "आत्या, तुझ्या वेळी तू कुठं लावायचीस गं?"

मी उत्तर दिलं, पण तिची एसटी लागली होती, त्यामुळे ते अर्धंच राहिलं. स्कूटर मीच घरी घेऊन आले. वाटेत फुटलेल्या टोमॅटोचा तो आंबटगोड, उन्हात तापलेला वास नाकात बसला होता. त्या वासाबरोबर एक अख्खा हंगाम परत आला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मंचरला पारसशेठच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होते. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ मराठीतच भांडायचे आणि मराठीतच हसायचे. दुकानामागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी डोळ्यांचे डॉक्टर बसत. माझं काम काचांचे नंबर लिहून घ्यायचं, फ्रेमचे स्क्रू आवळायचं आणि माणसांना आरसा दाखवायचं. घर निमगाव साव्याला. वडिलांची जुनी मोपेड घेऊन मी रोज सकाळी नारायणगावला यायचे, तिथून एसटीनं मंचर.

आमच्या भागात रेल्वे नाही. त्यामुळे आमचं स्टेशन म्हणजे एसटी स्टँड. नोकरीवाले, कॉलेजवाले, दवाखान्याला निघालेले, सगळे आपापल्या गावाहून सायकलीवर नाहीतर मोटारसायकलीवर स्टँडपर्यंत यायचे आणि मग तोच प्रश्न, गाडी ठेवायची कुठे? स्टँडच्या भिंतीला लावली तर संध्याकाळी चाकात हवा नसायची. दुकानासमोर लावली तर दुकानदार पाणी मारायचा.

मी शफीचाचांच्या अंगणात लावायचे.

चाचा पिंजारी. स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आणि त्यामागे मोठं फरशीचं अंगण. थंडीच्या दिवसांत त्या अंगणात कापसाचे ढीग असायचे, छपराखाली चाचा कापूस पिंजायची धनुकली धरून बसायचे आणि तिच्या ताणलेल्या तातीचा टंव् टंव् आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. उन्हाळा सरत आला की हवा दमट होते, कापूस फुलत नाही, काम मंदावतं. अशाच एका मोकळ्या हंगामात कुणीतरी विचारलं, चाचा, सायकल लावू का? मग दुसऱ्यानं विचारलं. मी जायला लागले तोवर साठ-सत्तर गाड्या लागत होत्या. भाडं असं ठरलेलं नव्हतं. कुणी कोथिंबिरीची जुडी आणून द्यायचं, कुणी दुधाची पिशवी. हंगामात तर त्यांच्या दारात टोमॅटोच टोमॅटो.

चाचांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी गाड्यांसाठी स्वतःची रीत काढली होती. गाद्यांच्या कापडाच्या उरलेल्या चिंध्या होत्याच. एक चिंधी मधोमध फाडायची, अर्धी हँडलला बांधायची, अर्धी मालकाच्या हातात. संध्याकाळी दोन्ही तुकडे जुळले की गाडी बाहेर. माझ्या मोपेडची चिंधी निळ्या पट्ट्यांची होती. दोन वर्षांत ती विरून जाळी झाली, पण चाचा रोज ती जुळवून बघायचे. "चाचा, मला ओळखता की तुम्ही," मी म्हणायचे. "तुला वळखतो ताई, पण गाडी तुला वळखती का न्हाई ते बघाया लागतं," ते म्हणायचे आणि हसायचे.

मला तिथल्या माणसांपेक्षा गाड्याच आधी ओळखीच्या झाल्या. एका सायकलीच्या कॅरिअरला खडूची भुकटी लागलेली असायची. एका राजदूत मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवायचे आकडे होते. एका लेडीज सायकलीच्या घंटीवर रोज ताजं चाफ्याचं फूल अडकवलेलं असायचं, आणि ते लावणारं माणूस कोण याचा मी सहा महिने तपास केला. निघाले एक टक्कल पडलेले पोस्टमन. बायकोची सायकल होती, ती गेल्यापासून ते चालवत होते. मला हा नाद लागला होता. एसटीत बसलं की मी त्या गाड्यांवरून माणसं रचत बसायचे.

म्हणूनच ती सायकल लगेच माझ्या डोळ्यांत भरली.

मेचा दुसरा आठवडा असेल. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, एक काळी, मोठ्या चाकांची सायकल उभी होती. पुढच्या दांडीवर लहान मुलाला बसायला शीट बसवलेलं. लाल रेक्झिन, पाठीला टेकायला आधार, आणि पोर पडू नये म्हणून जुन्या पट्ट्याचा केलेला बेल्ट. शीट कुणीतरी घरी बसून, जीव लावून केलेलं होतं. कडेचे बारीक खिळे एकसारख्या अंतरावर होते. हँडलला चिंधी होती, लाल कापडावर पांढरी बदकं. लहान मुलांच्या गादीचं कापड.

दुसऱ्या दिवशी ती तिथेच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यानं मी चाचांना विचारलं.

"सकाळी सकाळी आला यक जण," चाचा म्हणाले. "शीटवर पोरगी व्हती, पाच-सा वर्साची. डोक्याला टावेल गुंडाळलेला, पार डोळ्यावर आलेला. मला वाटलं, उन्हाचा बांधला आसंल. पोरगी बदकाच्या कापडाकडं बघाया लागली, म्हून तेच फाडलं. त्यो पुन्याच्या गाडीत बसला. लई घाईत व्हता."

"नाव?"

"नाव कोन इचारतं? चिंधी दिली की झालं."

त्याच आठवड्यात टोमॅटोचा बाजार भरात आला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. एरवी रस्त्याकडेला गाडी लावणारे सगळे चाचांच्या अंगणात आले. गाड्या छपराखाली शिरल्या, कापसाच्या गोण्यांना टेकल्या. हँडलमध्ये हँडल अडकायची. सकाळी एक गाडी लावायला चार हलवाव्या लागायच्या आणि तेवढ्यात एसटी सुटायची. मग सगळ्यांचं लक्ष त्या कोपऱ्यातल्या सायकलीकडे गेलं.

"चाचा, ती भाईर टाका की. दोन गाड्या मावत्याल तिथं."

"ठेवायला दिलीय ती," चाचा म्हणायचे, "टाकायला न्हाई."

दिवस जात होते आणि सायकलीभोवती गोष्टी जमत होत्या. कुणी म्हणालं, चोरीची असणार. कुणी म्हणालं, बाप पोरीला घेऊन पळाला असेल. दुधवाला एकदा हळूच म्हणाला, विहिरी-बिहिरीकडं तर गेला नसंल? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण दिवसभर काचा पुसताना ते लाल शीट डोळ्यांपुढून हलेना. ती मुलगी कुठे असेल?

ते दिवस असे होते की एसटीत प्रत्येक सीटच्या मागे पाटी असायची, बेवारस वस्तूला हात लावू नका. मुंबईत झालेले बॉम्बस्फोट सगळ्यांच्या डोक्यात ताजे होते. चाचांच्या बायकोला, मुमताजभाभींना, त्या सायकलीची भीती वाटायला लागली होती. एका संध्याकाळी मी मोपेड काढत असताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू यांना सांग ना ताई. तुझं आयकतील. कुनाची हाय, कशाची हाय, काय म्हाईत नाय. उद्या कुनी बोट दाखवलं तर आमच्याकडंच दाखवनार."

आणि खरंच, दोन दिवसांनी हवालदार आले. चांगला माणूस होता, चाचांकडूनच मुलीच्या लग्नाच्या गाद्या करून घेतल्या होत्या त्यांनी. सायकलीभोवती एक फेरी मारली, शीट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चाचा, मला वरून विचारतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत मालक आणा. नायतर ठाण्यात न्यावी लागंल."

त्या संध्याकाळी मी पाहिलं, चाचांनी त्या शीटला गादीच्या कापडाची खोळ शिवली होती. पाऊस तोंडावर होता.

मंगळवारी दुपारी दुकानात एक माणूस आला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, पायजम्यावर शर्ट. हाताला एक मुलगी. तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. "डाक्टर आलं का?" त्यानं विचारलं. मी बाकावर बसायला सांगितलं आणि मुलीला खेळायला रिकामी चष्म्याची पेटी दिली. तिनं ती घ्यायला हात पुढे केला, तर तो पेटीच्या वीतभर अलीकडेच थांबला. मी पेटी पुढे सरकवली. तेव्हा मला तिच्या मनगटावर बांधलेली चिंधी दिसली. लाल कापड. पांढरं बदक, मधोमध फाटलेलं.

मी खाली वाकले.

"ही कुठली गं?"

"आमच्या सायकलीची," ती म्हणाली. "चाचानं दिली. हारवायची न्हाई."

"शफीचाचांकडची काळी सायकल तुमची?" मी आनंदानं त्या माणसाला विचारलं. मला वाटलं होतं, तोही हसेल. त्याचा चेहरा पडला होता.

"तुमाला कसं ठावं?" तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचांना सांगा ताई, ती सायकल मला नको. कुनाला बी द्या."

मुलीला डॉक्टरांनी आत घेतलं तेव्हा तो बोलला. त्याचं नाव बबन, मुलीचं अनिता. आमच्याच निमगाव साव्याच्या रस्त्यावर, कालव्यापलीकडच्या वस्तीवर घर. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. ही कायम त्याच्या पुढ्यात, सायकलीवर. शेतात, बाजारात, दळणाला.

"बाजाराला चाललो व्हतो. उशीर झाला म्हून जोरात मारली. बांधावरची बाभळ रस्त्यावर आलेली. मी डोकं खाली घातलं." तो थांबला. बाकाच्या फळीवरचा एक खिळा नखानं टोकरत राहिला. "मी माझं डोकं खाली घातलं ताई. ती फुडं बसलीय, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

शेठ पलीकडे काच घासत होते, त्यांनी हात थांबवला.

त्या दिवशी गावात औषध घातलं, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच सायकलीवर बसवून तो तिला नारायणगावला घेऊन आला, कारण दुसरं काहीच नव्हतं. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धूळ नको, ऊन नको, धक्के नकोत. बहीण निरगुडसरला दिलेली, तिथून मंचर जवळ, म्हणून दोघं तिच्याकडे राहिले होते.

"आता धूळ-वारं चालंल म्हनत्यात डाक्टर. पन त्या सायकलीकडं बघवायचं न्हाई मला."

मी संध्याकाळी चाचांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते सुटकेचा श्वास टाकतील. मालक सापडला, नको म्हणाला, संपलं. हवालदारांना सांगून मोकळं व्हायचं. चाचांनी हातातला दोरा गुंडाळून ठेवला.

"नको आसंल तर त्यानं मला सांगाया पायजे," ते म्हणाले. "तुज्या हाती सांगून कसं चालंल? वस्तू त्यानं माझ्याकडं दिलीय."

गुरुवारी चाचांनी अंगण भाभींवर सोपवलं. त्यांना दिवसाउजेडी गल्लीबाहेर पडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी शेठकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. आम्ही मंचरपर्यंत एसटीनं गेलो, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं निरगुडसर. चाचा वाटेत एवढंच म्हणाले, "उसाला पानी चांगलं हाय हिकडं."

बबनची बहीण ओसरीवर कांदे निवडत होती. तिनं घाईनं सतरंजी टाकली, पाणी आणलं. बबन गोठ्याकडून आला आणि चाचांना पाहून तिथेच उभा राहिला.

"रागवाया न्हाई आलो, पावणं," चाचा म्हणाले. "बसा. सायकल चांगली हाय, तेवढं सांगाया आलो. हवा भरून ठिवलीय."

"नको चाचा ती. द्या कुनाला."

"ठेवायला दिल्याली वस्तू मी दुसऱ्याला देत न्हाई. तुमी या, तुमच्या हातानं घ्या, भाईर जाऊन इका, मोडा, नदीत टाका. मी काय म्हननार न्हाई. पन माझ्या अंगनातनं ती पोलिसानं न्यायची, ह्ये बरं न्हाई दिसत. तुमाला बी आन् मला बी."

बबन खाली बघत होता. बहिणीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आपण उगाच आलो. माझ्या उत्सुकतेनं या माणसाच्या जखमेवरची खपली काढली.

अनिता मधल्या दारात उभी होती. ती पुढे आली आणि चाचांच्या अगदी जवळ, हात लावता येईल इतक्या जवळ थांबली.

"चाचा, माझी शीट भिजली का?"

"न्हाई गं माय. खोळ शिवलीय तिला."

"कसली?"

"गादीची."

तिनं यावर विचार केला. "मऊ हाय?"

"तूच बग की बसून."

"दादा, जाऊ आपन," ती बापाला म्हणाली.

बबन एकदम तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुला त्येच्यावर बसायचंय? भ्या न्हाई वाटत तुला?"

"मला सायकल कुठं लागली?" ती म्हणाली. "फांदी लागली."

बबननं तिचं डोकं छातीशी धरलं आणि तो रडला. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. चाचांनी तोंड फिरवलं आणि ते कांद्यांकडे बघत राहिले.

शुक्रवारी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बबनला सरळ सांगितलं, त्या डोळ्याला उजेड कळेल, हात हललेला कळेल, अक्षर कळणार नाही. दुसरा डोळा जपायचा, कायम चष्मा लावायचा. बबन मान हलवत होता. बहुतेक त्याला ते आधीच माहीत होतं. मी दुकानातली सगळ्यात लहान फ्रेम काढली. तीही तिच्या नाकावरून घसरत होती, म्हणून काड्यांना मागून दोरी बांधली. शेठ स्वतः उठून आले, आरसा तिच्यापुढे धरला. तिनं आधी एका बाजूनं पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या बाजूनं. "मास्तरीणबाई दिसतीस," शेठ म्हणाले. ती खुश झाली.

त्या दिवशी आम्ही तिघं एकाच एसटीनं नारायणगावला आलो. अंगणात संध्याकाळची गर्दी होती. सगळे आपापल्या गाड्या काढायला आलेले. हवालदार आले होते, कागद-पेन काढून खाटेवर बसले होते. त्यांनी बबनचं नाव-गाव लिहून घेतलं, चष्म्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता कागद घडी करून खिशात घातला.

चाचांनी अनिताच्या मनगटावरची चिंधी सोडली, हँडलवरच्या चिंधीला लावून पाहिली. बदक पुरं झालं. "जुळलं," ते म्हणाले.

पण सायकल कोपऱ्यात होती आणि तिच्यापुढे चार रांगा गाड्या. बाहेर काढायची तर अर्धं अंगण मोकळं करावं लागणार होतं. मी पाहत होते. पहिल्यांदा दुधवाल्यानं आपली राजदूत मागे घेतली. मग पोस्टमननी लेडीज सायकल उचलून छपराखाली नेली. मग एकेक करत सगळे. ज्यांनी ती बाहेर टाकायला सांगितली होती तेही गाड्या ओढत होते, हँडलं सोडवत होते, "जरा धर रे," "तुझं पायडल अडकलंय," चालू होतं. घरी जायची घाई सगळ्यांनाच होती, तरी कुणी निघून गेलं नाही. हवालदारांनीही उठून दोन सायकली उचलल्या. अंगणात मधोमध एक वाट झाली, भिंतीपासून दारापर्यंत.

बबन त्या वाटेनं गेला. सायकलीच्या दांडीला त्यानं हात लावला आणि तसाच उभा राहिला. मुमताजभाभी आतून आल्या आणि त्यांनी अनिताला उचलून शीटवर बसवलं, बेल्ट लावला.

त्यांची आणि माझी वाट एकच. मी मोपेड घेऊन निघाले, पण पुढे जावंसं वाटेना. उजेड अजून चांगला होता. पावसाआधीचे ढग पश्चिमेला जुन्नरच्या डोंगरांवर उतरले होते आणि मातीचा रस्ता तांबूस दिसत होता. बबन सायकल हातात धरून चालत होता, अनिता पुढे बसलेली, दोन्ही हातांनी हँडल पकडून. मी इंजिन बंद करून मागून मोपेड ढकलत चालले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गाव मागे पडलं. शेतं सुरू झाली. क्रेट भरलेले पिकअप समोरून येत होते, बबन प्रत्येक वेळी सायकल पार कडेला घेऊन थांबत होता. असं करत करत बरंच अंतर झालं. एका ठिकाणी तो घाम पुसायला थांबला.

"दादा," अनिता म्हणाली, "कवर चालनार? बसा की आता."

तो तसाच उभा राहिला. मग पायडल फिरवून वर घेतलं, पाय टाकला, सीटवर बसला. सायकल आधी डगमगली. मग सरळ झाली. तो अगदी हळू चालवत होता, माणूस चालेल इतक्या हळू. उजव्या हातानं त्यानं हँडल धरलं होतं आणि डावा हात त्यानं मुलीच्या तोंडापुढे आडवा धरला होता, चष्म्याच्या बोटभर अलीकडे. रस्त्यावर दूरपर्यंत झाड नव्हतं. तरी तो हात खाली आला नाही.

मी मोपेड सुरू केली आणि कालव्यापर्यंत त्यांच्या मागे राहिले. हॉर्न दिला नाही.